छापा आला तर नवी सायकल

नवी चाकं बसवली त्या सकाळी मी नेहमीचा चढ एक गिअर जड ठेवून चढले. रस्ता तोच, पाय तेच, रात्रीची झोपही बेताचीच झालेली. तरी माथ्यावर घड्याळ पाहिलं तर वर्षभरात कधी लागला नव्हता इतका कमी वेळ लागला होता. पुढचे तीन आठवडे मी भेटेल त्याला त्या चाकांबद्दल सांगत सुटले. मग वेळ हळूहळू जुन्या जागी आला. चाकं तर तीच होती. त्या सकाळी वेगात नेमकं कोण गेलं, चाकं की मी, हे तेव्हापासून मला नीट समजून घ्यायचं होतं.

स्वतःच्या अनुभवावरून हे उत्तर मिळणं फार कठीण. वस्तू विकत घेणारी मी, ती वेगवान निघावी अशी आस असलेली मी, पेडल मारणारी मी आणि शेवटी घड्याळ पाहणारीही मीच. म्हणून इथे दुसऱ्या एका माणसाचं प्रकरण मांडते आहे. त्याचा प्रश्न सायकलच्या वजनाचा होता, माझा मनाचा आहे. पण त्याच्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत की माझ्या प्रश्नावरही त्यातून बराच उजेड पडतो.

दोन सायकली, एक नाणं

जेरेमी ग्रोव्ह्ज हे इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड रॉयल हॉस्पिटलमध्ये भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभागाचे डॉक्टर होते. शेफील्डहून रुग्णालयात जाऊन परत यायचं, एकूण ४३.५ किलोमीटर, हा प्रवास ते सायकलने करत. त्यांच्याकडे दोन सायकली होत्या. एक पोलादी फ्रेमची, जुनी, १३.५ किलो वजनाची. दुसरी कार्बन फ्रेमची, ९.५ किलोची. चार किलोंचा फरक म्हणजे सायकलच्या वजनात जवळपास तीस टक्के घट. सायकलच्या गप्पांमध्ये शंभर-दोनशे ग्रॅमवरून तास तास वाद होतात, तिथे चार किलो ही फार मोठी गोष्ट.

कार्बनच्या सायकलने कामावर लवकर पोचतो का, हे त्यांना मोजायचं होतं. जानेवारी २०१० च्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत त्यांनी निघण्याआधी नाणं उडवलं आणि कौल येईल ती सायकल काढली. पोलादी सायकलवर १३०२ किलोमीटर झाले, कार्बनवर ११४४. म्हणजे साधारण ३० आणि २६ फेऱ्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात हा अभ्यास छापून आला. त्या अंकात हलक्याफुलक्या विषयांना जागा मिळते, पण रीत मात्र काटेकोर लागते. ग्रोव्ह्ज यांची रीतही तशीच होती.

निकाल असा: दोन्ही सायकलींना जाऊन-येऊन सरासरी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास लागले. फरक होता ३२ सेकंदांचा, आणि तोही पोलादी सायकलच्या बाजूने. संख्याशास्त्राच्या हिशेबात इतका फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो, त्यामुळे पोलादी सायकल वेगवान ठरली असं कुणी म्हणू नये. कार्बन सायकलने वेळ वाचल्याचं दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हलकी सायकल घेण्यापेक्षा सायकलस्वाराने स्वतःचं वजन उतरवणं जास्त किफायतशीर पडेल, असं ग्रोव्ह्ज यांनी शेवटी लिहिलं.

नाण्याने काय वाचवलं

या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते नाणं. समजा ग्रोव्ह्ज यांनी जानेवारी ते मार्च जुनी सायकल चालवली असती आणि एप्रिलमध्ये नवी काढली असती. आपण सगळे असंच तर करतो. मग नवी सायकल हमखास जिंकली असती. शून्य अंशाची हवा वीस अंशांवर गेली की तिची घनता सुमारे सात टक्क्यांनी कमी होते, आणि सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. शिवाय थंडीचे जाड कपडे उतरलेले, रस्ता कोरडा, आणि तीन महिने रोज सायकल चालवून पाय तयार झालेले. हे सगळं श्रेय गुपचूप कार्बनच्या खात्यात जमा झालं असतं, आणि त्या माणसाने अगदी मनापासून सांगितलं असतं की सायकल बदलल्यापासून फरक पडला.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपण नवी वस्तू बहुधा कधी घेतो? एखादा महिना वाईट गेला, चढावर दम लागायला लागला, बरोबरचे पुढे निघून गेले, की मग. वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा थोडा बरा जातोच, काही न करताही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेलं हे सरासरीकडे परत येणं आहे. नवी वस्तू नेमकी या वळणावर घरात येते आणि सुधारणेची मानकरी ठरते. माझी चाकंही अशाच एका पडेल महिन्यानंतर आली होती, हे माझ्या फेऱ्यांची वही चाळल्यावर कळलं.

नाण्याने हे सगळं कापून टाकलं. थंडीचे दिवस, वाऱ्याचे दिवस, थकव्याचे दिवस, दोन्ही सायकलींच्या वाट्याला सारख्याच संधीने आले.

पण एक गोष्ट नाण्याच्या हाताबाहेरची होती. आपण कोणत्या सायकलवर बसलो आहोत हे स्वाराला दिसत होतं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी खऱ्या गोळीसारखी दिसेल अशी करता येते, सायकलचं तसं करता येत नाही. म्हणजे मन जर पायांना जोर देणार असेल, तर तो जोर नव्या, हलक्या सायकलच्या बाजूनेच लागणार होता. पाहणी पूर्णपणे डोळे उघडे ठेवून झाली, आणि तरीही नवी सायकल पुढे गेली नाही.

मग मनाचा जोर खोटा का?

इथे मी बराच काळ अडले, कारण दुसऱ्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. सन २००० मध्ये क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ४३ स्पर्धात्मक सायकलपटूंकडून ४० किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी एकट्याने लावलेली शर्यत, दोनदा करून घेतली. दुसऱ्या वेळी काहींना सांगितलं की तुमच्या बाटलीत कर्बोदकं आहेत, काहींना सांगितलं की त्यात काही नाही, आणि बाटलीत खरोखर कर्बोदकं आहेत की नाहीत हे या सांगण्यापासून स्वतंत्र ठेवलं. ‘कर्बोदकं आहेत’ असं ऐकलेल्यांची सरासरी ताकद ४.३ टक्क्यांनी वाढली. ‘काही नाही’ असं ऐकलेल्यांची अर्धा टक्का. म्हणजे नुसत्या सांगण्याचा भाव सुमारे पावणेचार टक्के.

२००६ मध्ये बीडी आणि सहकाऱ्यांनी याहून टोकदार प्रयोग केला. सात सायकलपटूंना दहा किलोमीटरच्या चाचण्यांआधी सांगितलं की कधी कॅफिन नाही, कधी मध्यम, कधी दुप्पट मात्रा. प्रत्यक्षात कॅफिन कधीच दिलं नव्हतं. मध्यम मात्रा घेतली असं वाटलं तेव्हा ताकद १.३ टक्क्यांनी वाढली, दुप्पट वाटलं तेव्हा ३.१ टक्क्यांनी, आणि ‘आज काहीच घेतलेलं नाही’ असं वाटलं तेव्हा ती १.४ टक्क्यांनी उतरली. सातच माणसं होती, त्यामुळे आकडे जपूनच वापरायचे. पण तो शेवटचा आकडा मला विसरता येत नाही. मदत नाही या जाणिवेनेच पाय ढिले पडले. घरात नवी सायकल आल्यावर जुनी चालवताना हेच होत असेल का? ‘आज ही आहे, आज काही जमायचं नाही’ असं म्हणत आपण निघतो, आणि मग दोघींमधला जो फरक दिसतो त्यात नवीची कमाई किती आणि जुनीवर रुसलेल्या मनाची तूट किती, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

हे घडतं कसं, याचा अंदाज २०१२ च्या एका प्रयोगावरून येतो. नऊ तयार सायकलपटूंना चार किलोमीटर पडद्यावरच्या एका आकृतीशी शर्यत लावायला सांगितलं. ही आकृती म्हणजे तुमचीच आधीची उत्तम कामगिरी, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिची ताकद दोन टक्क्यांनी वाढवलेली होती. ते स्वार आपल्याच आधीच्या उत्तम कामगिरीपेक्षा जलद गेले. ज्या कामगिरीत ‘आता काही उरलं नाही’ असं वाटलं होतं, त्यातही काही शिल्लक होतं.

टाइम ट्रायलच्या शेवटच्या मिनिटाला पाय अचानक कुठून जोर काढतात, हे प्रत्येक सायकलस्वाराने अनुभवलेलं असतं. शरीर पूर्ण रितं झालं असतं तर ते शक्यच नव्हतं. आपण वाटेभर किती सोसायचं याचा हिशेब करत जात असतो, आणि तो हिशेब पुढे किती बाकी आहे, आज आपल्याकडे काय आहे, या समजुतीवर चालतो. नवी वस्तू ही समजूत बदलते. स्नायूंमध्ये नवं काही येत नाही, पण तोच त्रास आज थोडा कमी भीतीचा वाटतो आणि गिअर एक दात जड राहतो. माझ्या चढावर हेच झालं असावं. गिअर जड ठेवायचा निर्णय मी चढ सुरू होण्याआधीच घेतला होता, चाकं फिरण्याच्याही आधी.

यात कानांचा आणि हातांचाही वाटा असतो. नवी चेन गप्प असते. नव्या चाकाची बेअरिंग कुरकुरत नाहीत. अरुंद, टणक भरलेलं टायर रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत पोचवतं आणि ती थरथर वेगासारखी वाटते. खडबडीत रस्त्यावर जरा रुंद आणि कमी दाबाचं टायर बहुधा तितकंच किंवा जास्त चांगलं चालतं, पण ते मऊ वाटतं म्हणून संथ वाटतं. वेगाची जाणीव आणि वेग यांची ताटातूट इथे अगदी सहज होते.

अवजारातून मनाला जोर मिळणं ही गोष्ट सायकलपेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स यांच्या धातूच्या सळया दुखऱ्या जागेवरून फिरवल्या की दुखणं जातं अशी ख्याती झाली होती. १७९९ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे जॉन हेगार्थ यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी सळया केल्या. पाचपैकी चार रुग्णांनी बरं वाटल्याचं सांगितलं. खेळातही असं आढळलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हातातली गोल्फची काठी नायकीची आहे असं समजणाऱ्यांनी कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घातला, आणि यशाचं श्रेय स्वतःच्या कौशल्याला दिलं. मात्र ‘हा चेंडू नशीबवान आहे’ असं सांगितलं की तो जास्त वेळा खळग्यात जातो, असं दाखवणारा २०१० मधला गाजलेला प्रयोग पुढे दुसऱ्यांनी करून पाहिला तेव्हा परिणाम हाती लागला नाही. त्यामुळे या प्रकारच्या प्रत्येक गोष्टीवर मी सारखाच भरवसा ठेवत नाही. सायकलच्या टाइम ट्रायलमधला पुरावा मला जास्त पटतो, कारण तिथे किती सोसायचं हाच खेळ असतो.

पावणेचार टक्के गेले कुठे

आता पुन्हा ग्रोव्ह्ज यांच्या फेऱ्यांकडे. विश्वासाने पावणेचार टक्के ताकद वाढू शकते, तर कार्बन सायकलवर ती दिसली का नाही?

याचं पहिलं उत्तर साध्या गणितात आहे. पावणेचार टक्के ताकद म्हणजे पावणेचार टक्के वेग नव्हे. हवेला कापण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे सपाटीवर ताकद तीन टक्क्यांनी वाढली तर वेग जेमतेम एक टक्क्याने वाढतो. त्यांचा सरासरी वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या आसपास येतो. तिथे रस्त्याचं घर्षण आणि चढही हिशेबात धरले तर पावणेचार टक्के ताकदीतून दीड टक्क्याच्या आसपास वेळ वाचेल. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत हे साधारण दीड मिनिट होतं.

ग्रोव्ह्ज यांची मोजणी ९५ टक्के खात्रीने काय नाकारू शकते? कार्बन सायकल अडीच मिनिटांहून जास्त वाचवते, हे. त्याहून कमी फायदा असेल तर ५६ फेऱ्यांच्या वाऱ्यापावसात आणि सिग्नलच्या थांब्यांत तो बुडून जातो. म्हणजे प्रयोगशाळेत दिसतो तेवढा मनाचा जोर त्यांच्या पायांत अगदी पुरेपूर असता, तरी या पाहणीला तो पकडता आला नसता. ‘नव्या सायकलने मानसिक फायदा होत नाही हे सिद्ध झालं’ असं या प्रकरणावरून कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

पण उलट बाजूनेही हिशेब लावून पाहिला. चार किलो वजन कमी झाल्याचा भौतिक फायदा तर असणारच. समजा स्वार पंचाहत्तर किलोचा आहे. मग स्वार आणि सायकल मिळून साडेअठ्ठ्याऐंशीचे साडेचौऱ्याऐंशी किलो झाले, म्हणजे साडेचार टक्के कमी. सायकलच्या वजनात तीस टक्के दिसणारी घट प्रत्यक्ष रस्त्यावर एवढीच उरते. सपाटीवर तिचा उपयोग नगण्य, चढावर जवळजवळ पूर्ण, आणि उतारावर थोडं नुकसानच. फेरीत अर्धा तास चढ धरला तर फार तर ऐंशी सेकंद वाचतील. त्यात मनाचं दीड मिनिट मिळवलं की बेरीज अडीच मिनिटांच्या पुढे जाते, आणि तेवढा फायदा असता तर नोंदींत तो दिसायला हवा होता. माझे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतून एवढं निघतं की वजन आणि विश्वास यांपैकी किमान एक गोष्ट पूर्ण भावाने वाजलेली नाही.

मला वाटतं विश्वासच. कारण प्रयोगशाळेतली टाइम ट्रायल ही एक-दोनदा, जीव तोडून केलेली गोष्ट असते. तिथे स्वार मर्यादेच्या काठावर असतो आणि ‘आज माझ्याकडे काहीतरी जास्त आहे’ ही जाणीव ताजी असते. कामावर जायच्या रस्त्यावर कुणी रोज काठावर जात नाही. पोचल्यावर रुग्ण तपासायचे असतात. शिवाय सहा महिन्यांत सव्वीस फेऱ्या झाल्यावर नवी सायकल ही नवी राहत नाही, ती नुसती दुसरी सायकल होते. माझ्या चाकांचा जोर तीन आठवडे टिकला. आणि रोज नाणं उडवणारा माणूस दोन्ही सायकलींकडे समान नजरेने पाहायला आपोआप शिकत असणार. त्यामुळे जुनीवर रुसणंही कमी झालं असेल.

ताकद आणि वेळ वेगळे मोजायचे

ग्रोव्ह्ज यांनी फक्त वेळ मोजला. वेळेत सायकलचा गुण आणि स्वाराचा जोर एकत्र मिसळलेला असतो. पॉवर मीटर, म्हणजे पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र, असेल तर दोन्ही वेगळे काढता येतात, आणि मनाच्या प्रश्नासाठी हाच खरा मार्ग आहे. वस्तू खरंच चांगली असेल तर तेवढ्याच वॉटमध्ये वेग वाढतो. मन जोर देत असेल तर वॉट वाढतात, पण प्रत्येक वॉटमागे मिळणारा वेग तोच राहतो. त्याबरोबर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० च्या मापावर ‘किती जड गेलं’ हेही लिहून ठेवावं. तेवढाच त्रास आणि जास्त वॉट अशी जोडी दिसली की तो विश्वासाचा हात. यात एक सापळा आहे. नवी वस्तू म्हणजे पॉवर मीटरच असेल तर वाढलेले वॉट काहीच सांगत नाहीत. दोन मीटरमध्ये दोन टक्क्यांचा फरक नुसत्या बनावटीतूनही पडू शकतो, आणि आपण शोधतो आहोत तो परिणामही दोन-चार टक्क्यांचाच आहे.

माझ्या त्या सकाळच्या नोंदीत वॉट होते. मी ते तेव्हा पाहिलेच नव्हते, कारण वेळ पाहूनच आनंद झाला होता. नंतर पाहिलं तेव्हा कळलं की वेळेतला जवळपास सगळा फरक वाढलेल्या वॉटमधून आला होता. चाकांनी फुकट काही दिलं नव्हतं, मीच जास्त जोर लावला होता. मला याचं वाईट वाटलं नाही. तो चढ मी चढले होते, आणि तेवढी ताकद माझ्यात होती हे त्या चाकांशिवाय मला कळलं नसतं.

नाणं कधी उडवलं

या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ग्रोव्ह्ज नाणं उडवत ते सायकलने जायचं ठरल्यानंतर. त्या दिवशी सायकल काढायची की नाही, हा निर्णय नाण्याच्या आधी होऊन गेलेला असे. म्हणून कोणत्या सायकलने ते लवकर पोचतात हे त्यांच्या नोंदी सांगतात, पण नवी सायकल घरात असल्यामुळे ते जास्त वेळा बाहेर पडले का, हे त्यांतून कळूच शकत नाही. सहा महिन्यांत २४४६ किलोमीटर झाले. त्यातले किती त्या कार्बन सायकलच्या ओढीने झाले, आणि ती नसती तर किती सकाळी ते सायकलला हातही न लावता गेले असते?

माझ्या वहीत त्याचा पुरावा समोरच आहे. चाकं आल्यानंतरच्या महिन्यात माझ्या फेऱ्या आधीच्या महिन्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या होत्या. चढावरचा वेळ तीन आठवड्यांत जुन्या जागी गेला, फेऱ्या तेवढ्या लवकर गेल्या नाहीत. विश्वासाने आलेला टक्का-दीड टक्का विरून जातो, पण आठवड्याला एक फेरी वाढली तर काही महिन्यांनी पायांत खरोखर काहीतरी उभं राहतं, आणि ते चाकं जुनी झाल्यावरही राहतं. हे मोजायचं तर नाणं सकाळी उडवून चालणार नाही. महिन्याच्या सुरुवातीला उडवायचं, काटा आला तर नवी चाकं काढून कपाटात ठेवायची, आणि मग महिनाभर वेळ न पाहता फक्त एवढंच लिहायचं की आज दार उघडून बाहेर पडले की नाही. पहिला कौल काट्याचा आला आहे. चाकं कपाटात आहेत.